हे कार्ड नेमकं कशाचं? जुन्या संगणकांचे अनोळखी भाग ओळखताना

जुन्या संगणकांच्या सुट्या भागांचं खोकं हाती आलं की त्यातले काही भाग पाहताक्षणी ओळखू येतात. उरलेल्यांना ना नाव, ना गाव. एक हिरवा बोर्ड, त्यावर पंचवीस-तीस काळ्या चिप, एका कडेला सोनेरी पट्ट्या, मागे एखादा कनेक्टर आणि कुणीतरी पेनाने लिहिलेला, अर्धा पुसला गेलेला आकडा. असे बोर्ड शेवटी भंगारात जातात, आणि तेही बहुधा ते काय आहेत हे कुणाला सांगता आलं नाही एवढ्याच कारणाने. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांतल्या बहुतेकांची ओळख त्यांच्या अंगावरच असते. ती वाचायची कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. कोणत्याही एकाच खुणेवर विसंबायचं नाही. कडेचा कनेक्टर एक सांगतो, मुख्य चिप दुसरं सांगते, क्रिस्टल (बोर्डला ठरावीक वारंवारता देणारा भाग) तिसरं. तिघांचं म्हणणं एकमेकांशी जुळलं तरच ओळख पटली असं समजायचं. दोन जुळतात आणि तिसरं जुळत नाही, तेव्हा आपला अंदाज चुकलेला असण्याची शक्यता जास्त असते.

वीज सर्वांत शेवटी

“लावून तर बघू” हा मोह आवरा. अनोळखी भागाला वीज देणं ही ओळखीची पद्धत नव्हे. एकसारख्या दिसणाऱ्या कनेक्टरांवर वेगवेगळी व्होल्टेज असतात, आणि १२ व्होल्ट चुकून ५ व्होल्टच्या वाटेने गेले तर त्या वाटेवरच्या सगळ्या चिप एका क्षणात जातात. जुने टँटलम कपॅसिटर शॉर्ट होऊन पेट घेतात, विशेषतः १२ व्होल्टच्या लाइनवरचे. पॉवर सप्लायमधले जुने, कागदी थराचे कपॅसिटर तडकून धूर सोडतात.

बोर्डवर बॅटरी असेल तर मात्र तिच्याकडे लगेच बघा. १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची पिंपासारखी गोल बॅटरी सोल्डर केलेली असायची. ती हमखास गळते, आणि तो क्षार तांब्याच्या ट्रेस, म्हणजे बोर्डवरच्या जोडरेषा, खात जातो. तिच्या आजूबाजूला हिरवट-निळसर थर दिसला तर ओळखपाळख नंतर, आधी ती कापून काढा. काढण्यापूर्वी तिच्या धन-ऋण बाजू दिसतील असा फोटो घ्या.

फोटो, आणि तोही तिरप्या उजेडात

पुढचं सगळं काम फोटोंवर चालतं. बोर्डच्या दोन्ही बाजू पूर्ण, मग प्रत्येक कोपरा जवळून, मग एकेक मोठी चिप. साध्या बोर्डसाठी फ्लॅटबेड स्कॅनर उत्तम, कारण त्यात माप वेडंवाकडं होत नाही. चिपवरची अक्षरं फिकट असतील तर समोरून उजेड टाकून काही दिसत नाही. टॉर्च जवळजवळ बोर्डला टेकवून बाजूने धरा आणि हळूहळू फिरवा. कोरलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अॅसिटोन वापरू नका, त्याने छपाईच निघून जाते. आणि कोणताही स्टिकर, कितीही जुनाट दिसला तरी, काढू नका.

कडेच्या पट्ट्या मोजा

आता पट्टी घ्या आणि कनेक्टरकडे या. इथे अंदाज नको, मोजमाप हवं: किती पट्ट्या, दोन पट्ट्यांच्या मध्यांतलं अंतर किती, खाच कुठे.

एका बाजूला ३१ म्हणजे दोन्ही मिळून ६२ पट्ट्या आणि अंतर २.५४ मिलिमीटर असेल, तर तो बहुधा ८ बिटचा आयएसए बस (बस म्हणजे कार्ड संगणकाला जोडणाऱ्या तारांची ठरलेली रचना), म्हणजे १९८१ च्या आयबीएम पीसीचा वारसा. त्याच्यापुढे खाच सोडून आणखी ३६ पट्ट्या असतील तर १६ बिटचा आयएसए, जो १९८४ च्या पीसी एटीबरोबर आला. त्याच्याही पुढे बारीक पट्ट्यांचा तिसरा तुकडा असेल तर १९९२ च्या सुमाराचा व्हेसा लोकल बस. ५० पट्ट्या, अंतर तेच २.५४, कार्ड लहानसं: अॅपल टूकडे लक्ष द्या. १०० पट्ट्या आणि अंतर ३.१७५ मिलिमीटर: १९७५ च्या अल्टेअर ८८०० पासून सुरू झालेला एस-१०० बस. एस-१०० ची आणखी एक सोपी खूण म्हणजे कार्डावरच हीट सिंकला लावलेला ७८०५ सारखा रेग्युलेटर. त्या बसवर ८ आणि १६ व्होल्टच्या आसपासचे कच्चे व्होल्टेज यायचे, आणि ५ व्होल्ट प्रत्येक कार्ड आपलं आपण तयार करायचं.

पट्ट्या अगदी दाट, १.२७ मिलिमीटरच्या अंतरावर असतील, तर १९८७ च्या पीएस/२ मधला मायक्रो चॅनल किंवा नंतरचा पीसीआय. पट्ट्याच नसून तीन रांगांत ९६ टाचण्यांसारख्या पिन असतील तर व्हीएमई, मॅकिंटॉशचा न्यूबस किंवा १०० बाय १६० मिलिमीटरच्या युरोकार्डवर बांधलेली एखादी औद्योगिक यंत्रणा. पट्ट्यांचे ३६-३६ चे स्वतंत्र गट आणि दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची मूठ दिसली तर तो डेकचा, म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा, मॉड्यूल असू शकतो. मुठीवर एम या अक्षराने सुरू होणारा आकडा शोधा, तेवढ्याने काम फत्ते होतं. उदाहरणार्थ, एम७५५५ म्हणजे आरक्यूडीएक्स३ हा डिस्क कंट्रोलर.

कनेक्टर जुळला म्हणजे बस जुळलाच असं मात्र नाही. ३८६ च्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर मेमरी वाढवण्यासाठी त्या-त्या कंपनीचा खास ३२ बिट स्लॉट असायचा. त्यातलं कार्ड वरवर पाहता लांबलेल्या आयएसए कार्डासारखंच दिसतं, आणि दुसऱ्या कोणत्याही यंत्रात त्याचा उपयोग शून्य.

तारखा वाचा, पण फसू नका

बहुतेक चिपवर चार आकडी तारीख असते: पहिले दोन अंक वर्ष, पुढचे दोन आठवडा. ८७३४ म्हणजे १९८७ चा ३४ वा आठवडा. बोर्डवरच्या सगळ्या तारखा लिहून काढा. सोल्डर केलेल्या चिपांमधली सर्वांत नवी तारीख ही बोर्डच्या जन्माची सर्वांत आधीची शक्य तारीख, म्हणजे बोर्ड त्याआधी तयार झालेला असू शकत नाही. सॉकेटमधल्या, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या, चिप यातून वगळा, त्या नंतर बदललेल्या असू शकतात.

घोटाळा होतो तो असा. त्या काळातल्या कितीतरी चिपांचे नंबरच तारखेसारखे दिसतात. ७४३२ हे ऑर गेटचं नाव आहे, पण ते १९७४ चा ३२ वा आठवडाही वाचता येतं. ८०३१ आणि ८०४८ हे मायक्रोकंट्रोलर, ८२३७ हा डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीत माहिती नेण्याची सोय) कंट्रोलर, ८२५० हा सीरियल पोर्टचा चिप. चारही तारखा म्हणून खपून जातात. उलट ८२५५ किंवा ८०८८ ही तारीख असूच शकत नाही, कारण वर्षात ५५ किंवा ८८ आठवडे नसतात. नियम सोपा आहे: आकड्याला पुढेमागे अक्षरं चिकटलेली असतील तर तो चिपचा नंबर, एकटा किंवा लॉटच्या अक्षरांसोबत वेगळ्या ओळीत असेल तर तारीख. शंका आली तर शेजारच्या चिपांकडे बघा. सगळे १९८७ चे असताना एकच १९७४ चा कसा येईल?

मुख्य चिप कोणती?

नवखा माणूस सर्वांत मोठा चिप शोधतो. तो कधी बरोबर ठरतो, कधी नाही. आधी सगळ्या चिपांची जागेनुसार यादी करा, मग साधं लॉजिक बाजूला काढा: ७४, ७४एलएस, ७४एचसी अशा नावांचे चिप कोणत्याही बोर्डवर असतात आणि तुम्हाला जवळजवळ काहीच सांगत नाहीत. उरलेल्यांत खरी माहिती असते.

नंबराच्या आधीची अक्षरं सहसा कंपनी सांगतात. एसएन आणि टीएमएस म्हणजे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, एमसी मोटोरोला, एचएम आणि एचडी हिताची, एमबी फुजित्सू, एमके मॉस्टेक, केएम सॅमसंग, एमटी मायक्रॉन. एनईसीच्या चिपवर नुसतं डी असतं. ती अक्षरं झाकून मधला आकडा वाचला की काम कळतं, कारण एकच चिप अनेक कंपन्या बनवायच्या. ७६५ किंवा ८२७२ म्हणजे फ्लॉपी कंट्रोलर. ६८४५ म्हणजे पडद्यावर चित्र आणणारा कंट्रोलर. ५३८० म्हणजे स्कझी, डिस्क वगैरे उपकरणं जोडण्याची एक पद्धत. ८२५०, १६४५० आणि १६५५० हे सीरियल पोर्टचे. वायएम३८१२ दिसला तर हातात साउंड कार्ड आहे.

सारखे दिसणारे आठ किंवा नऊ चिप रांगेत असतील तर ती मेमरी. ४१६४ म्हणजे ६४ किलोबिट, ४१२५६ म्हणजे २५६ किलोबिट, आणि शेवटचा -१५ म्हणजे १५० नॅनोसेकंद. ४१२५६ चे नऊ चिप म्हणजे पॅरिटीसह (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) २५६ किलोबाइट. सुट्या मेमरी पट्ट्यांसाठी लांबी मोजली तरी पुरतं: साधारण ८९ मिलिमीटरची ३० पिनची, १०८ ची ७२ पिनची, १३३ ची १६८ पिनची. फक्त कॅश (प्रोसेसरसाठीची वेगवान मेमरी) मॉड्यूलपासून सावध राहा. १६० पट्ट्यांचा तो तुकडा मेमरीसारखाच दिसतो, पण त्यावर स्टॅटिक रॅम असते आणि तो मेमरीच्या स्लॉटचा नाही.

चिपवर विचित्र, कुठेच न सापडणारा आकडा असेल तर तो कंपनीचा अंतर्गत नंबर असतो. एचपीच्या बोर्डांवर १८२० ने सुरू होणारे आकडे बहुधा साध्याच चिपांचे असतात, फक्त नाव बदललेलं. कमोडोरच्या रॉमवर (कायमची माहिती साठवणारा चिप) ९०१ ने सुरू होणारा सहा आकडी नंबर, अॅपलच्या रॉमवर ३४१, अॅपलच्या बोर्डवर ८२०, सनच्या बोर्डवर ५०१. अशा ठिकाणी आकड्याची पद्धतच कंपनीचं नाव सांगून जाते.

क्रिस्टल

माझ्या मते बोर्डवरची ही सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत दुर्लक्षित खूण. क्रिस्टल किंवा ऑसिलेटरच्या चंदेरी डबीवर त्याची वारंवारता लिहिलेली असते, आणि ती कुणी उगाच निवडलेली नसते.

१.८४३२ मेगाहर्ट्झ दिसलं की सीरियल पोर्ट असणारच असं धरून चाला. या आकड्याला १६ ने भागा: बरोबर १,१५,२००, म्हणजे पीसीच्या सीरियल पोर्टचा कमाल वेग. १४.३१८१८ हा अमेरिकी रंगीत टीव्हीच्या ३.५७९५४५ मेगाहर्ट्झच्या रंगसंकेताची चौपट आहे. मूळ पीसीचं घड्याळ आणि सीजीए (पीसीची सुरुवातीची रंगीत चित्रपद्धत) चित्र दोन्ही त्यावर चालत. १६.२५७ म्हणजे मोनोक्रोम, हर्क्युलिस किंवा ईजीए पद्धतीचं चित्र देणारं कार्ड. २५.१७५ आणि २८.३२२ ही जोडी म्हणजे व्हीजीए, त्यानंतरची चित्रपद्धत. १६.९३४४ किंवा २४.५७६ म्हणजे आवाज, कारण पहिला ४४.१ किलोहर्ट्झच्या आणि दुसरा ४८ किलोहर्ट्झच्या पटीत बसतो. ३२.७६८ किलोहर्ट्झचा छोटासा नळीसारखा क्रिस्टल म्हणजे तारीख-वेळ सांभाळणारं घड्याळ, आणि जवळपास बॅटरीची जागा असणार.

क्रिस्टल नाही हीसुद्धा माहितीच. आयएसए बसच्या बी३० (बी बाजूची ३० वी पट्टी) या पिनवर १४.३१८१८ मेगाहर्ट्झ आयताच मिळतो, म्हणून सीजीए कार्डाला स्वतःचा क्रिस्टल लागत नाही.

तीन खुणा एकत्र: गोल कनेक्टरचं कार्ड

समजा, ८ बिटचं आयएसए कार्ड आहे आणि मागे एकच गोल, फिरवून बसवायचा बीएनसी कनेक्टर. बरेच जण लगेच “इथरनेट” म्हणतात. पण ते इथरनेट असेल, आर्कनेट (दुसरी एक जुनी नेटवर्क पद्धत) असेल किंवा आयबीएमच्या मोठ्या संगणकाला जोडायचं ३२७० टर्मिनल कार्ड असेल.

२० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल इथरनेट आणि आर्कनेट दोन्हींवर सापडतो, म्हणून इथे त्याचा उपयोग नाही. १८.८७ च्या आसपासचा असेल तर मात्र ३२७० समजा, कारण त्या लाइनच्या २.३५८७ मेगाबिट वेगाची ती आठपट आहे. आता चिप बघा: ८३९० आणि ८३९२ असतील तर इथरनेट, ९०२६ असेल तर आर्कनेट. चिप वाचता येत नसेल तरी वाट आहे. आर्कनेट कार्डाला नोडचा, म्हणजे नेटवर्कमधल्या त्या यंत्राचा, क्रमांक हाताने द्यावा लागतो, त्यासाठी आठ बटणांचा डिप स्विच असतो. इथरनेट कार्डाचा बारा अक्षरी पत्ता स्टिकरवर किंवा छोट्या प्रॉममध्ये (एकदाच लिहिता येणारा मेमरी चिप) असतो. आणि शेवटची कसोटी मल्टिमीटरची. बारीक केबलच्या इथरनेटमध्ये केबल संगणकापासून विद्युतदृष्ट्या वेगळी ठेवलेली असते. त्यासाठी कार्डावर डीसी-डीसी कन्व्हर्टरचा काळा ठोकळा असतो, आणि बीएनसीच्या बाहेरच्या कड्यापासून मागच्या पत्र्यापर्यंत कंटिन्युटी (थेट विद्युत जोड) लागत नाही.

मागच्या बाजूच्या इतर कनेक्टरांनाही हेच लागू. नऊ छिद्रांचा डी कनेक्टर मोनोक्रोम, सीजीए, ईजीए किंवा टोकन रिंग (एक जुनी नेटवर्क पद्धत) यांपैकी काहीही असू शकतो. पिन बाहेर आलेल्या असतील तर बहुधा सीरियल. तीन रांगांत १५ म्हणजे व्हीजीए, पण दोन रांगांत १५ म्हणजे गेम पोर्ट, जाड केबलचं इथरनेट किंवा मॅकचं चित्र. अंदाजाने मॉनिटर जोडू नका. चुकीच्या आडव्या वारंवारतेने जुने मोनोक्रोम मॉनिटर कायमचे जातात. आतल्या बाजूला ३४ पिन फ्लॉपीच्या, ४० आयडीई हार्ड डिस्कच्या, ५० स्कझीच्या. ३४ सोबत २० पिनचाही कनेक्टर असेल तर जुनी हार्ड डिस्क, मात्र ती एमएफएम, आरएलएल की ईएसडीआय यांपैकी कोणत्या पद्धतीची हे केबलवरून कळत नाही. त्यासाठी पुन्हा चिपकडेच जावं लागतं.

काहीच जुळत नसेल तर वीज शोधा

कनेक्टर कुठल्याच यादीत नाही, मोठे चिप अनोळखी. अशा वेळी साधे लॉजिक चिप कामाला येतात. १४ पायांच्या ७४ मालिकेतल्या चिपमध्ये बहुतेकदा ७ वा पाय ग्राउंड आणि १४ वा ५ व्होल्ट, १६ पायांच्यात ८ वा आणि १६ वा. मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवा, एक टोक ७ व्या पायाला लावा आणि दुसरं कनेक्टरच्या प्रत्येक पट्टीवरून फिरवा. जिथे बीप येईल ती ग्राउंडची पट्टी. मग १४ व्या पायाने ५ व्होल्टची पट्टी शोधा.

७४७५, ७४९० आणि ७४९३ टाळा, त्यांचे ५ व्होल्ट ५ व्या पायावर असतात. मेमरीचे चिपही टाळा: ४१६४ मध्ये ८ वा पाय ५ व्होल्ट आणि १६ वा ग्राउंड, म्हणजे लॉजिकच्या बरोबर उलट. त्याहून जुन्या ४११६ ला तर तीन व्होल्टेज लागतात: १ ल्या पायावर उणे ५, ८ व्यावर १२, ९ व्यावर ५.

हाती आलेला नकाशा आता माहीत असलेल्या बसशी ताडून पाहा. आयएसएमध्ये बी१, बी१० आणि बी३१ ग्राउंड, बी३ आणि बी२९ वर ५ व्होल्ट, बी९ वर १२. अॅपल टूमध्ये २५ वर ५ व्होल्ट आणि २६ वर ग्राउंड. एस-१०० मध्ये ५० आणि १०० ग्राउंड. तीन-चार जागा तंतोतंत बसल्या तर बस सापडला. पट्ट्यांची संख्या जुळूनही वीज भलत्याच जागी असेल तर तो स्लॉट त्या कार्डाचा नाही, आणि ते कळल्यामुळे एक मदरबोर्ड वाचला.

रॉममधला मजकूर

काचेची खिडकी असलेला २७ मालिकेतला चिप म्हणजे ईप्रॉम, पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम. खिडकी उघडी असेल तर आधी अपारदर्शक चिकटपट्टीने झाका, अतिनील प्रकाशाने आतली माहिती पुसली जाते. २७६४ मध्ये ८ किलोबाइट, २७२५६ मध्ये ३२. सॉकेटमध्ये असेल तर काढून प्रोग्रामरवर (चिप वाचण्या-लिहिण्याचं उपकरण) वाचा आणि फाइल जपून ठेवा. २७०८, आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा २७१६, साध्या प्रोग्रामरवर लावू नका. त्यांना तीन व्होल्टेज लागतात, तर इंटेलचा त्याच आकड्याचा चिप ५ व्होल्टवर वाचता येतो.

फाइलमध्ये वाचता येणारा मजकूर शोधा. कंपनीचं नाव, वर्ष, आवृत्ती, कधी चुकीच्या वेळी दाखवायचा संदेश. सुरुवातीला ५५ आणि एए हे दोन बाइट असतील तर ती पीसीच्या कार्डावरची रॉम, आणि तिसरा बाइट तिची लांबी ५१२ च्या पटीत सांगतो. मजकूर दर दुसरं अक्षर गाळल्यासारखा दिसत असेल, म्हणजे ‘कॉपीराइट’ या इंग्रजी शब्दाऐवजी सी-पी-आर-जी-टी, तर दुसऱ्या चिपमध्ये ओ-वाय-आय-एच सापडेल. ही १६ बिट यंत्रातली जोडी आहे. दोन्ही फाइली एकाआड एक बाइट गुंफून वाचा.

शोध घेताना कोणता आकडा टाकायचा

बोर्डवर छापलेल्या सगळ्याच आकड्यांना अर्थ असतो, पण सगळे उपयोगाचे नसतात. ९४व्ही-० हा मॉडेल नंबर नाही, बोर्ड आगीला किती दाद देतो त्याची ती श्रेणी आहे. उलट्या आर आणि यू शेजारचा ई ने सुरू होणारा आकडा हा कोरा बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याचा असतो, कार्ड विकणाऱ्याचा नव्हे. त्याउलट एफसीसी (अमेरिकेचा दळणवळण आयोग) आयडी सोन्यासारखा: त्याची पहिली अक्षरं अर्जदार कंपनीची असतात आणि ती त्या आयोगाच्या नोंदींत शोधता येतात. मदरबोर्ड चालू होत असेल तर सुरू होतानाच्या पडद्यावर खाली दिसणारी अवॉर्ड किंवा एएमआय बायोसची (बोर्डमधला सुरुवातीचा अंगभूत प्रोग्राम) लांबलचक ओळ टिपून घ्या, तिच्यात चिपसेट आणि निर्माता दोन्ही दडलेले असतात.

पीसीच्या बोर्डांसाठी द रेट्रो वेब आणि टोटल हार्डवेअर ९९ हे संग्रह पाहा, जंपरांच्या (दोन पिन जोडणाऱ्या छोट्या टोप्या) जागांवरूनही तिथे बोर्ड सापडतो. जुन्या मिनी संगणकांच्या मॅन्युअलसाठी बिटसेव्हर्स. शोधताना पूर्ण नंबर, मग शेवटची आवृत्तीची अक्षरं गाळून, मग मधलं डॅश काढून, असं तिन्ही प्रकारे करून बघा.

ओळख पटली की मग वीज

५ व्होल्ट आणि ग्राउंडमधला रोध मोजा. शून्याच्या जवळ असेल तर थांबा आणि आधी शॉर्ट शोधा. १२ आणि उणे १२ व्होल्टसाठीही तेच. टँटलम कपॅसिटरांच्या धन खुणा ट्रेसशी जुळतात का ते पाहा, आधीच्या कुणीतरी दुरुस्तीत उलटा बसवलेला असू शकतो. पहिली चाचणी करंट मर्यादित करता येणाऱ्या सप्लायवर किंवा गमावली तरी चालेल अशा मदरबोर्डवर घ्या, एकुलत्या एका चालू यंत्रात कधीच नाही.

आणि भाग पिशवीत घालण्याआधी चिठ्ठी लिहा: काय आहे, कशावरून ठरवलं, कोणती गोष्ट तपासलेली नाही. “आर्कनेट, ९०२६ आणि डिप स्विचवरून, वीज दिलेली नाही” एवढं पुरे. सोबत आलेली केबल, फ्लॉपी किंवा पत्रा त्याच पिशवीत ठेवा. बॅटरी असलेला बोर्ड वीज वाहणाऱ्या पिशवीत बॅटरीसकट बंद करू नका.